कुठले शंकरराव?

आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी इंदापूर तालुक्यातल्या सराटीला मुक्काम करते. सकाळी पादुकांना नीरेत स्नान घालतात, पालखी पूल ओलांडते आणि अकलूजला येते. पुणे जिल्हा सरला, सोलापूर लागला. पुढे सदाशिवराव माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण व्हायचे असते, वारकऱ्यांचे मन तिकडे धावत असते. त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात येण्याचे कारण नाही, पण हा पूल एका शंकररावांच्या मुलखातून दुसऱ्या शंकररावांच्या मुलखात नेतो.

अलीकडच्या काठावरचे शंकरराव बाजीराव पाटील. इंदापूरचे अनेक वर्षांचे आमदार, पुढे बारामतीचे खासदार. बिजवडीचा कारखाना आज त्यांच्या नावाने चालतो : कर्मयोगी शंकररावजी पाटील सहकारी साखर कारखाना. पलीकडच्या काठावरचे शंकरराव नारायणराव मोहिते-पाटील (१९१९–१९७९). माळशिरसचे आमदार आणि अकलूजच्या सहकाराचे कर्तेधर्ते. इथल्या कारखान्याचे नाव सहकार महर्षी शंकरराव मोहिते-पाटील सहकारी साखर कारखाना, कारखान्याच्या वसाहतीचे नाव शंकरनगर, गावातल्या महाविद्यालयाचे नाव शंकरराव मोहिते महाविद्यालय, आणि ज्या लावणी स्पर्धेमुळे अकलूज महाराष्ट्रभर गाजले ती स्पर्धाही त्यांच्याच स्मरणार्थ भरत आलेली.

म्हणजे नीरेच्या डाव्या कालव्यावर एक शंकरराव आणि उजव्या कालव्यावर दुसरे. डावा कालवा एकोणिसाव्या शतकातला. तो बारामती आणि इंदापूर भिजवतो. उजवा विसाव्या शतकातला. तो फलटणवरून माळशिरसला येतो. दोन्ही कालव्यांनी ऊस आणला, उसाने कारखाने आणले आणि दोन्ही तीरांवर कारखाना उभा करणाऱ्या पिढीच्या पुढाऱ्याचे नाव एकच निघाले. भरीस भर म्हणून माळशिरस तालुक्यातच सदाशिवनगरला आणखी एक सहकारी साखर कारखाना आहे आणि त्याचे नाव ‘श्री शंकर’!

बाहेरच्या माणसाचा इथे गोंधळ उडतो. इथल्या ऊसवाल्याचा उडत नाही. गळीत हंगामात दोन शेतकरी भेटले आणि ‘ऊस कुठं घातला?’ असे एकाने विचारले, तर उत्तर ‘कर्मयोगीला’ किंवा ‘सहकार महर्षीला’ असे येते. ज्या दोघांच्या गौरवासाठी ही लांबलचक नावे दिली, त्यांचे मूळ नाव बोलण्यातून गळून जाते आणि उरते ती उपाधी. कारण ओळख पटवायचे काम तिथे तीच करते. ‘शंकररावांच्या कारखान्याला’ म्हटले तर पुढचा प्रश्न ठरलेला : कुठले शंकरराव?

हा प्रश्न नीरेपुरता नाही.

नगर जिल्ह्यातला कोपरगाव तालुका घ्या. तिथे तर दोन काठही नाहीत, एकाच तालुक्यात दोन शंकरराव. शंकरराव देवराम काळे (१९२१–२०१२) आणि शंकरराव गेनुजी कोल्हे (१९२९–२०२२). काळे कोळपेवाडीच्या कारखान्याचे, कोल्हे सहजानंदनगरच्या संजीवनी कारखान्याचे. काळे कोपरगावचे खासदार झाले, कोल्हे राज्यात मंत्री झाले. दोघांत पिढ्यान् पिढ्या चालेल अशी चुरस लागली आणि ती चाललीही. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत कोल्ह्यांच्या सूनबाई स्नेहलता कोल्हे यांनी काळ्यांचे नातू आशुतोष काळे यांना हरवले. २०१९ मध्ये आशुतोष काळे यांनी त्याची परतफेड केली, अवघ्या ८२२ मतांनी. आज कोळपेवाडीचा कारखाना ‘कर्मवीर शंकरराव काळे’ आणि संजीवनी ‘सहकार महर्षी शंकरराव कोल्हे’. कोपरगावात मात्र ‘शंकरराव’ म्हणून कुणी राजकारण बोलत नाही. ‘काळे-कोल्हे’ असा जोडशब्दच आहे. नाव सारखे, तेव्हा आडनावाने सगळी लढाई अंगावर घेतली.

कोपरगावातून वाहणाऱ्या गोदावरीवर खाली आणखी एक शंकरराव बसलेले. शंकरराव भाऊराव चव्हाण (१९२०–२००४). जन्म पैठणचा, राजकारण नांदेडचे. राज्यात पाटबंधारे खाते सांभाळताना त्यांनी जायकवाडी धरणाचा ध्यास घेतला. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. धरणाच्या जलाशयाला एकनाथांवरून नाथसागर हे नाव मिळाले, पण नांदेडजवळच्या विष्णुपुरी प्रकल्पाच्या जलाशयाला ‘शंकर सागर’ म्हणतात, तो या शंकररावांवरून. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघणाऱ्या कालव्यांवर वरच्या अंगाला कोपरगावचा ऊस, खालच्या अंगाला जायकवाडीच्या भरवशावर बसलेला मराठवाडा. वरच्या धरणांतून खाली किती पाणी सोडायचे, हा वाद २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यानंतर तर नेहमीचाच झाला आणि नगर जिल्ह्यातले साखर कारखाने त्यापायी न्यायालयात गेले. गोदावरीच्या पाण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने ‘शंकररावांचे म्हणणे असे होते की’ असे वाक्य चुकूनही लिहू नये. तीन शंकररावांची तीन म्हणणी होती.

चव्हाणांच्या नावाची आणखी एक गंमत मुंबईत पाहायला मिळते. ते पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले फेब्रुवारी १९७५ मध्ये, वसंतरावांच्या (नाईक) जागी. मे १९७७ मध्ये गेले आणि आले वसंतदादा (पाटील). दोन वसंतांच्या मधले एक शंकरराव. पुन्हा मार्च १९८६ मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि जून १९८८ पर्यंत राहिले. त्या काळात विधानसभेच्या अध्यक्षांच्या खुर्चीत कोण होते? कोरेगावचे शंकरराव जगताप, १९८५ ते १९९०. सभागृहाचे नेते शंकरराव, सभागृहाचे अध्यक्षही शंकरराव. शिस्तीचे कडक म्हणून चव्हाणांना ‘हेडमास्तर’ म्हणायचे. ही पदवी प्रेमाने दिली की वैतागाने, हे म्हणणाऱ्याच्या फायलीवर अवलंबून होते. पण आडनावाखेरीज ओळख पटायला तीही उपयोगी पडत असणार. चव्हाण म्हणूनही भागत नव्हते, कारण महाराष्ट्राला चव्हाण मुख्यमंत्री एकूण चार मिळाले : कऱ्हाडचे यशवंतराव आणि पृथ्वीराज, नांदेडचे शंकरराव आणि त्यांचे चिरंजीव अशोकराव. कऱ्हाडच्या चव्हाणांचे नांदेडच्या चव्हाणांशी घराण्याचे नाते नाही, हे अजूनही अधूनमधून समजावून सांगावे लागते.

एकाच नावाची इतकी माणसे एकाच पिढीत, एकाच क्षेत्रात का सापडतात? मोहिते-पाटील १९१९ चे, चव्हाण १९२० चे, काळे १९२१ चे. तीन वर्षांत तिघे. योगायोग म्हणून सोडून द्यायला हा आकडा जरा जास्त आहे. मला याची दोन कारणे दिसतात. एक डोंगरावर आहे आणि दुसरे नावाच्या शेपटाला.

डोंगर म्हणजे शिखर शिंगणापूर. माळशिरसच्या पश्चिमेला माण तालुक्यात महादेवाच्या डोंगररांगेवर शंभू महादेवाचे देऊळ आहे. चैत्रात तिथे शिवपार्वतीचे लग्न लागते, सासवडहून तेल्या भुत्याची कावड येते आणि मुंगी घाटाच्या उभ्या चढावरून माणसे एकमेकांना हात देत, दोर लावत ती वर नेतात. खाली उभे राहून पाहिले तर कावडीचे झुलते टोक तेवढे दिसते, ती धरणारी माणसे खडकात हरवून जातात. वेळापूरला यादवांच्या काळातले अर्धनारीनटेश्वराचे देऊळ आहे, ते माळशिरस तालुक्यातच. नीरा, माण, भीमा या नद्यांच्या पट्ट्यात विठोबाच्या जोडीने घरोघर महादेव आहे, आणि नवसाने झालेल्या पोराला त्याचे नाव देण्याची रीत जुनी. महादेव, शंकर, शंभू, सदाशिव, सगळी एकाच देवाची.

भोसल्यांचे दैवतही हेच. मालोजीराजांनी शिंगणापूरला तलाव बांधला. पुढच्या पिढ्यांत शंभूवरून आलेले ‘संभाजी’ हे नाव घराण्यात शिरले आणि मग हलायला तयार होईना. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी. ते कनकगिरीच्या लढाईत पडले. १६५७ मध्ये पुरंदरावर महाराजांना मुलगा झाला, त्याचे नाव संभाजी. राजारामांना राजसबाईंपासून मुलगा झाला, तोही संभाजी. हे कोल्हापूरचे संभाजी, ज्यांनी १७३१ मध्ये शाहू महाराजांशी वारणेचा तह केला. भोसल्यांच्या बाहेर गेलो तर अफजलखानाच्या भेटीच्या वेळचे संभाजी कावजी, शिवाजी महाराजांच्या सावत्र आई तुकाबाईंच्या माहेरचे सुप्याचे संभाजी मोहिते, कान्होजींचे पुत्र संभाजी आंग्रे. सतराव्या-अठराव्या शतकातल्या मराठी कागदांत नुसते ‘संभाजी’ वाचून कुठलाही निष्कर्ष काढणे धोक्याचे. काळ, गाव, बापाचे नाव, सगळे बघावे लागते.

यातल्या छत्रपती संभाजी महाराजांचे नाव अकलूजच्या इतिहासात एका कडू कारणाने आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला महाराज पकडले गेले तेव्हा औरंगजेबाची छावणी अकलूजला होती. बातमी त्याला इथे कळली आणि त्या आनंदात गावाला असदनगर हे नवे नाव दिले गेले. ते टिकले नाही. माणसांची नावे शंभर वेळा परत येतात, पण वरून लादलेली गावाची नावे बादशहाची छावणी उठली की बऱ्याचदा तिच्याबरोबरच उठतात.

आता दुसरे कारण, नावाचे शेपूट. शंकर हे नाव देवाचे, पण शंकरराव हे देवाचे नाव नव्हे. ‘राव’ ही जमीन, वतन, हुद्दा, शाळा, यांतून मिळणारी किंवा जन्मतःच मिळालेली पत. ज्या घरात ‘पाटील’ होते तिथे पाळण्यातच राव लागला. बाकीच्यांना तो मिळवावा लागला. आटपाडीचे शंकर रामचंद्र खरात (१९२१–२००१) हे या बाबतीत माझ्या दृष्टीने सगळ्या शंकररावांत वेगळे. गावकीची तराळकी वाट्याला आलेल्या दलित घरात त्यांचा जन्म झाला. त्या घरातल्या पोराला राव म्हणायची गावगाड्यात पद्धत नव्हती. तिथे नाव तोडूनच हाक मारायची रीत. हा मुलगा वकील झाला, बाबासाहेबांच्या चळवळीत काम करू लागला, ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मचरित्र लिहिले, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९८४ मध्ये जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. त्यांच्या पुस्तकांवर ‘शंकरराव खरात’ असे छापलेले असते. नांदेडच्या, अकलूजच्या शंकररावांच्या नावातला राव आणि या नावातला राव अक्षराने सारखाच. अंतर मोजायचे तर आटपाडीच्या महारवाड्यापासून मोजावे लागेल.

लागलीच पुढच्या वर्षी, १९८५ मध्ये, संमेलन नांदेडला झाले. अध्यक्ष शंकर बाबाजी पाटील. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीचे, ‘धिंड’वाले कथाकार. सलग दोन अध्यक्ष शंकर, आणि दुसरे संमेलन शंकररावांच्या (चव्हाण) गावी! मात्र या कथाकाराला कुणी शंकरराव म्हटलेले आठवत नाही. ते शेवटपर्यंत शंकर पाटील राहिले. इंदापूरचे पुढारी शंकरराव पाटील आणि कथाकार शंकर पाटील यांच्यातला फरक दोन अक्षरांचा. ग्रंथालयाच्या कपाटात तो पुरतो. पुढाऱ्याला राव लागतो, लेखकाचा काढून टाकतात, हा आपला अलिखित नियम आहे.

लेखकांची आपण आणखी एक सोय लावली : आद्याक्षरे. शं. ना. नवरे, शं. गो. तुळपुळे, शं. वा. किर्लोस्कर. किर्लोस्करांच्या आद्याक्षरांचे तर ‘शंवाकि’ असे नवे नावच तयार झाले. १९२० मध्ये सुरू झालेले ‘किर्लोस्कर’, १९३० चे ‘स्त्री’, १९३४ चे ‘मनोहर’ यांचे हे संपादक. पण आद्याक्षरांचाही भरवसा धरता येत नाही. १९४९ च्या पुणे संमेलनाचे अध्यक्ष आचार्य शं. द. जावडेकर, ‘आधुनिक भारत’चे कर्ते. १९५५ च्या पंढरपूर संमेलनाचे अध्यक्ष शं. दा. पेंडसे, संतसाहित्याचे अभ्यासक. एकाच्या वडिलांचे नाव दत्तात्रेय, दुसऱ्याच्या वडिलांचे दामोदर. सगळा फरक एका कान्यावर टांगलेला. मुद्रितशोधकाला डुलकी लागली की आडनावाशिवाय आधार नाही.

आणि आडनावही दगा देते, त्याचे उदाहरण म्हणजे शंकरराव देव. पहिले शंकर श्रीकृष्ण देव, धुळ्याचे. रामदासी वाङ्मयाची हस्तलिखिते गावोगाव, मठोमठ हिंडून गोळा करणारे. सत्कार्योत्तेजक सभा आणि धुळ्याचे समर्थ वाग्देवता मंदिर ही त्यांची कामगिरी. दुसरे शंकर दत्तात्रेय देव (१८९५–१९७४), काँग्रेसचे सरचिटणीस, संविधान सभेचे सदस्य, संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष, पुढे सर्वोदयी. १९६३ मध्ये दिल्लीहून पेकिंगला निघालेल्या मैत्री पदयात्रेचे म्होरके. नाव एक, आडनाव एक, दोघेही ब्रह्मचारी कार्यकर्त्यांच्या कुळीतले वाटावेत असे. वाचवले कुणी? एका टोपणनावाने. धुळ्याचे देव ‘नानासाहेब’ म्हणून ओळखले गेले. शिवाय दुसऱ्या देवांच्या वडिलांचे नाव दत्तात्रेय, म्हणजे ते आणि आचार्य जावडेकर दोघेही शंकर दत्तात्रेय, एक १८९५ चा आणि एक १८९४ चा, दोघेही गांधींच्या वाटेने गेलेले. मधले नाव तपासून खात्री करावी म्हटले तर तेही जुळते!

याच देवांच्या समोर उभे राहिले शंकरराव शांताराम मोरे. स्वातंत्र्याच्या आसपास महाराष्ट्र काँग्रेसमध्ये जे भांडण पेटले त्यात एका बाजूला शंकरराव देव होते आणि दुसऱ्या बाजूला केशवराव जेधे व शंकरराव मोरे. जेधे-मोरे बाहेर पडले, शेतकरी कामगार पक्ष निघाला आणि पक्षाच्या १९५० च्या दाभाडी प्रबंधावर मोऱ्यांची छाप राहिली. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत सोलापूरने निवडून दिले ते याच शंकरराव मोऱ्यांना. तेव्हा सोलापूर हा दोन जागांचा मतदारसंघ होता. दुसऱ्या जागेवर पां. ना. राजभोज निवडून आले. म्हणजे अकलूजचे शंकरराव विधानसभेच्या राजकारणात उभे राहत होते त्याच दिवसांत जिल्ह्याचा खासदारही शंकररावच होता.

नावांची ही दाटी जगात सगळीकडे असते. ती निस्तरण्याच्या तऱ्हा तेवढ्या निराळ्या. युरोपच्या राजांनी सरळ आकडे घातले : पंधरावा लुई, सोळावा लुई. आपल्याकडे आकड्यांची सवय इंग्रजी इतिहासाच्या पुस्तकांनी लावली. आपली जुनी पद्धत थोरले, धाकटे, सवाई अशी. थोरले माधवराव पेशवे आणि सवाई माधवराव. थोरले शाहू आणि धाकटे शाहू. आजोबाचे नाव नातवाला ठेवायची चाल असल्यामुळे ही तजवीज लागायचीच. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव. पण आजोबाचे नाव घेऊन नातवाला हाक कशी मारणार, दटावणार कसे? म्हणून घरात दुसरे नाव चालते. हा बाळाजी ‘नानासाहेब’ झाला. नाना फडणवीसही मुळात बाळाजी जनार्दन आणि त्यांचेही आजोबा बाळाजी. दोन घरांनी एकच अडचण एकाच युक्तीने सोडवली आणि पुढच्यांना दोन नाना मिळाले. शिवाय १८५७ चे नानासाहेब वेगळेच, धोंडोपंत!

इंग्रजांकडचा एक किस्सा इथे सांगण्याजोगा. १८९९ मध्ये इंग्लंडच्या तरुण विन्स्टन चर्चिलना कळले की अमेरिकेत विन्स्टन चर्चिल नावाचे एक कादंबरीकार आहेत आणि त्यांची ‘रिचर्ड कार्व्हेल’ तडाख्याने खपते आहे. त्यांनी त्या कादंबरीकारांना अगदी अदबीने पत्र लिहिले, की गैरसमज टाळण्यासाठी मी यापुढे माझ्या पुस्तकांवर विन्स्टन स्पेन्सर चर्चिल अशी सही करीन. अमेरिकन चर्चिल वयाने तीन वर्षांनी मोठे आणि तेव्हा अधिक प्रसिद्ध. माघार धाकट्याने घेतली. आज ‘रिचर्ड कार्व्हेल’ कोण वाचतो हा प्रश्न विचारायला नको.

आपल्या पुढाऱ्यांनी अशी पत्रे लिहिली नाहीत, त्यांच्या अनुयायांनी उपाध्या दिल्या. पण उपाध्यांचाही साठा मर्यादित. कर्मवीर म्हणावे तर भाऊराव पाटील आहेत, विठ्ठल रामजी शिंदे आहेत, भाऊसाहेब हिरे आहेत, आणि कोपरगावचे शंकरराव काळेही आहेत. सहकार महर्षी म्हणावे तर अकलूजचे शंकरराव, कोपरगावचे शंकरराव कोल्हे आणि संगमनेरचे भाऊसाहेब थोरात. म्हणजे ‘सहकार महर्षी शंकरराव’ एवढे म्हणूनही माणूस निश्चित होत नाही, दोन उरतात. नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नावात शंकरराव चव्हाणांना ‘डॉ.’ लागतो, तेवढी त्यांची वाट मोकळी. घरगुती हाका तर विचारायला नकोत. दादा म्हटले की सांगलीत वसंतदादा, अकलूजला विजयदादा, बारामतीला अजितदादा.

हा गोंधळ कुणी मुद्दाम वापरायचा ठरवला की त्याचे हत्यार होते. निवडणुकीत समोरच्या तगड्या उमेदवाराच्या नावाचा एखादा माणूस शोधून त्याला अपक्ष उभा करायचा, ही युक्ती महाराष्ट्रात जुनी. २०१४ ची रायगडची लोकसभा निवडणूक हा त्याचा नमुना. शिवसेनेचे अनंत गीते राष्ट्रवादीच्या सुनील तटकरेंवर २,११० मतांनी विजयी झाले. त्याच मतपत्रिकेवर सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्ष होता, त्याला ९,८४९ मते पडली. २०२४ मध्ये दिंडोरीत भास्कर भगरे निवडून आले खरे, पण भगरे आडनावाच्या एका अपक्षानेही लाखावर मते नेली. त्याचे चिन्हही भास्कर भगरेंच्या तुतारीशी मिळतेजुळते होते. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव सांगत एक तोतया आला होता, त्याचा निकाल पेशव्यांच्या दरबाराने १७७६ मध्ये देहदंडाने लावला. इथे तसे काहीच करता येत नाही, कारण या अपक्षाचे नाव खरेच ते असते. आईबापांनी ठेवलेले, कागदोपत्री नोंदलेले. निवडणूक आयोगाने यावर जो इलाज काढला तो साधा आहे : २०१५ पासून मतदानयंत्रावरच्या मतपत्रिकेत नावाशेजारी उमेदवाराचा फोटो छापू लागले. हजारो वर्षे नाव हे ओळखीचे साधन होते. आयोगाने सरकारी कागदावर कबूल करून टाकले की त्याला आता तोंडाचीही जोड हवी. दिंडोरीचा आकडा पाहता फोटोही सगळ्यांना दिसतो असे नाही.

शंकररावांची पिढी मात्र अशा फोटोंच्या आधीच ओसरली. १९४० नंतरच्या बारशांत हे नाव झपाट्याने मागे पडले असावे असे पुढाऱ्यांच्या घरांकडे पाहून वाटते. अकलूजच्या वाड्यात शंकररावांच्या पुढच्या पिढीत ‘सिंह’ आले : विजयसिंह, जे २००३-०४ मध्ये उपमुख्यमंत्री झाले. त्यापुढे रणजितसिंह, आणि पुतण्यांत धैर्यशील, जे २०२४ मध्ये माढ्याचे खासदार झाले. इंदापुरात पुतणे हर्षवर्धन. ही नावे रजपुती थाटाची किंवा संस्कृत वळणाची. देवळातून आलेली नव्हेत. नांदेडला आणि कोपरगावला निराळेच घडले. शंकरराव चव्हाणांचे चिरंजीव अशोक, आणि शंकरराव काळ्यांचे चिरंजीवही अशोक. एक मुख्यमंत्री झाले, दुसरे कोपरगावचे आमदार. बापांची नावे जुळली होती, तेव्हा मुलांचीही जुळली. स्वतंत्र भारताने अशोकस्तंभ राजमुद्रेवर घेतला त्या काळातल्या बापांना हे नाव सुचणे स्वाभाविक होते.

नव्या काळातला एक शंकरराव अजून आहे. नेवाशाचे शंकरराव गडाख, यशवंतराव गडाखांचे चिरंजीव. उद्धव ठाकऱ्यांच्या सरकारात २०१९ ते २०२२ ते मंत्री होते. खाते होते मृद व जलसंधारण.